डाव्या हाताचे आकडे

माझे सासरे घरात आलेली कुठलीही नवी वस्तू आधी कानाशी नेऊन हलवून बघत. त्या वर्षांत उज्जैनच्या फ्रीगंज बाजारातल्या दुकानांत रोज काहीतरी नवं येत होतं. परदेशी नावांचे साबण, चकचकीत पाकिटांतले वेफर, एकावर एक फुकट. बाबांना त्या 'फुकट' शब्दाचाच राग. "फुकट देतो म्हणजे काहीतरी लपवतोय," ते म्हणत, आणि पाकीट उलटंपालटं करून बारीक अक्षरं वाचत बसत. गॅसवाल्याला सिलिंडर वजन केल्याशिवाय जाऊ देत नसत. मी माहेरची नाशिकची. लग्न होऊन उज्जैनला आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच त्यांनी मला विचारलं होतं, "सूनबाई, तू चहात साखर मोजून घालतेस की अंदाजानं?" मी म्हटलं, अंदाजानं. त्यांनी मान हलवली, आणि मला कळलं की मीही तपासाखाली आहे.

ते गणिताचे शिक्षक होते. निवृत्त झाल्यावरही त्यांचं एक काम चालू होतं. देवास गेटजवळ एक छापखाना होता, तिथून दरवर्षी एक पंचांग निघे. त्यातल्या तिथी कधी सुरू होतात, कधी संपतात, याचं गणित बाबा करून देत. पूर्वी सगळं हातानं. नंतर बँकेत नोकरीला असलेल्या माझ्या यजमानांनी तिथल्याच कर्जावर कॉम्प्युटर घेतला आणि इंदूरच्या एका ओळखीच्या माणसानं त्या गणिताचा प्रोग्रॅम करून दिला. ग्रहांच्या रोजच्या जागा देणारं एक जाडजूड पुस्तक असे. त्यातले आकडे बघून कॉम्प्युटरमध्ये भरायचे की तो तिथीची वेळ काढून देई. बाबांनी पहिलं वर्षभर त्यानं काढलेली प्रत्येक वेळ हातानं तपासली. एकही चूक सापडली नाही. त्यामुळे त्यांचा संशय कमी झाला नाही, वाढला. "इतकं बरोबर कसं येतं?" असं ते मला खरंच विचारत.

मग त्यांना अर्धांगाचा झटका आला. सकाळी दाढी करता करता हातातून ब्रश पडला. दवाखान्यात काही दिवस काढून घरी आले तेव्हा वाचा शाबूत होती, पाय थोडा ओढत चालत होते, पण उजवा हात मांडीवर ठेवला की तिथेच राही. घरी आल्यावर त्यांनी पहिली चौकशी केली ती पुस्तकाची. पुढच्या पंचांगाचे आकडे अर्धवट राहिले होते.

"मी भरते ना बाबा," मी म्हटलं. "तुम्ही नुसतं सांगा."

"का? छापखान्यातून काही निरोप आला का?"

"नाही."

"मग तुला इतकी घाई कशाला?"

खरं तर निरोप आला होता. छापखान्याचे मालक यजमानांना बँकेत भेटले होते आणि म्हणाले होते, मास्टरसाहेबांना आता आराम करू द्या, दिल्लीहून तयार गणित मिळतं. आम्ही ते बाबांना सांगितलं नव्हतं. पण माझा चेहरा बघून त्यांना वास आला असावा. ते काठी टेकत कॉम्प्युटरपुढे जाऊन बसले.

अडचण किबोर्डची होती. आमच्या खोलीतलं टेबल अरुंद, म्हणून इंदूरच्या माणसानं आखूड किबोर्ड दिला होता. त्याला उजव्या टोकाचा आकड्यांचा चौकोन नव्हता. आकडे फक्त वरच्या ओळीत, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पसरलेले. दोन हात चालणाऱ्या माणसाला त्यानं काही बिघडत नाही. बाबा मात्र एकट्या डाव्या हातानं एकापासून शून्यापर्यंत येरझाऱ्या घालत होते. एक ओळ भरायला त्यांना इतका वेळ लागे की मधेच पुस्तकातली जागा हरवे. चिडून ते म्हणाले, "हा किबोर्ड बनवणाऱ्यानं कधी हिशेब केला नसणार."

मी एकदा बँकेत यजमानांच्या शेजारच्या टेबलावर सुटं आकड्यांचं पॅड पाहिलं होतं. कॅल्क्युलेटरएवढं, वायरनं जोडलेलं. तेव्हा एक गोष्ट माझ्या डोक्यात आली, आणि मला वाटतं त्या सगळ्या प्रकरणात माझ्या डोक्यात आलेली तेवढीच एक शहाणपणाची गोष्ट होती. मोठा किबोर्ड घेतला तर आकडे उजवीकडेच असणार, बाबांच्या निकामी हाताकडे. सुटं पॅड डावीकडे ठेवता येईल.

बाबांनी ऐकून घेतलं. डावा हात टेबलावर ठेवून जागा मोजून बघितली. मग म्हणाले, "मी बघून घेणार. तू एकटीनं आणायचं नाही."

टावर चौकाजवळ एका जिन्याखाली कॉम्प्युटरच्या सामानाचं दुकान होतं. रिक्षातून उतरवून मी त्यांना आत नेलं. दुकानदार चाळिशीचा, कपाळावर टिळा, समोर उघडी पडलेली दोन यंत्रं. मी काय हवं ते सांगितलं.

"अलग से पॅड क्यों, साहब? पूरा बडा कीबोर्ड ले लो. उसमें सब है."

बाबांनी माझ्याकडे बघून मराठीत म्हटलं, "बघ. याच्याकडे मोठे पडून आहेत, ते खपवायचेत."

"साहब, मराठी समझता हूं मैं," दुकानदार म्हणाला. "पडोस में आपके ही लोग हैं."

बाबा जरा ओशाळले, पण हटले नाहीत. "तो फिर दिखाओ, जो मांगा है."

त्यानं कुठून कुठून शोधून तीन पॅड काढली. बाबांनी पहिलं हातात घेतलं, कानाशी नेऊन हलवलं आणि लगेच खाली ठेवलं. त्याच्यात एक-दोन-तीन वरच्या ओळीत होते, टेलिफोनसारखे. बाबांचा हात बसला होता कॅल्क्युलेटरच्या रचनेवर, सात-आठ-नऊ वर, एक-दोन-तीन खाली. "हे घेतलं तर माझा एक हा सात होईल," ते म्हणाले.

दुसरं दिसायला देखणं होतं. बटणं मऊ, आवाज नाही. बाबांना आवाज नसणंही खटकलं, पण मी आग्रह केला म्हणून दुकानदारानं ते जोडून दाखवलं. आमचाच आखूड किबोर्ड मी पिशवीत घालून नेला होता. बाबांनी सांगितलं होतं, परक्या किबोर्डावर करून दाखवलेली जादू मला नको. पॅडवरचं 'नम लॉक' बटण दाबून आकड्यांचा दिवा लावला, बाबांनी डाव्या हातानं आकडे दाबले, सगळे बरोबर उमटले. दुकानदार खूश झाला. मग बाबा मला म्हणाले, "आता तू किबोर्डावर काहीतरी लिही."

मी लिहायला गेले तर अक्षरांच्या जागी आकडे येऊ लागले. आखूड किबोर्डातल्या काही अक्षरांच्या पोटात आकडे लपवलेले असतात, आणि पॅडवरचा दिवा लागला की तेही जागे होतात. हे तेव्हा ना मला ठाऊक होतं ना, मला वाटतं, दुकानदाराला. तो गोंधळून वायर काढू-लावू लागला.

"राहू द्या," बाबा म्हणाले. आजारपणानंतर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसलं. एखाद्याला रंगेहाथ पकडल्याचं.

तिसरं पॅड मळकट पांढरं, जाड, बटणं टकटक वाजणारी. त्याचा दिवा लागला तरी किबोर्डाची अक्षरं अक्षरंच राहत होती. पाचाच्या बटणावर बारीक उंचवटा होता. बाबांनी डोळे मिटले, मधलं बोट त्या उंचवट्यावर ठेवलं आणि मला म्हणाले, "सांग आकडे." मी सांगत गेले. त्यांनी डोळे मिटूनच भरले. चार-पाच ओळी. उघडून बघितलं तर सगळे जागच्या जागी. डावा हात त्यांनी आयुष्यात फक्त खडूचा डबा धरायला वापरला होता, आणि तो हात आता हे करत होता.

"खोका उघडा कसा?" त्यांनी विचारलं.

"साहब, चेक करने को खोला था."

"किसने?"

"मैंने. साहब, लेना है तो लो, नहीं तो रहने दो." दुकानदाराचाही संयम संपत आला होता. मला तर वाटतं त्यालाही आमचा संशय येऊ लागला होता, की हे घेणारे नाहीत, नुसते वेळ घालवायला आलेत.

आम्ही ते घेतलं.

पहिले काही दिवस घर टकटक आवाजानं भरून गेलं होतं. मी स्वयंपाकघरात असले तरी कान तिकडे असे. आकडे भरायची एक लय असते. ग्रहाची रास, मग अंश आणि त्यांचे बारीक भाग कला, विकला, असे चार आकडे ओळीनं, आणि मग शेवटचं मोठं बटण. टकटक, टकटक, टकटक, टक. यजमान बँकेतून आले की म्हणत, "मास्तर जोरात आहेत."

मग एका सकाळी आवाज थांबला. मी गेले तर बाबा मान वळवून वळवून पुस्तक बघत डाव्या हातानं कागदावर पडताळा करत होते. "तिथीची वेळ मिनिटभरानं चुकते आहे," ते म्हणाले. मी पडद्यावर बघितलं. एका ओळीत शेवटच्या, विकलांच्या रकान्यात सत्तेचाळीसच्या जागी नुसता चार होता.

"सात राहिलाय, बाबा."

"मी दाबला होता."

"राहिला असेल."

"मी दाबला होता. हे पॅड आकडा खातंय. म्हणून खोका उघडा होता. कुणीतरी परत केलेला माल आपल्या गळ्यात मारलाय."

आणखी ओळी बघितल्या. तसे आणखी आकडे खाल्लेले होते. आम्ही पॅड घेऊन पुन्हा टावर चौकात. दुकानदारानं जोडलं, बटणं दाबून बघितली. एकही आकडा गळला नाही. त्यानं पॅड उलटं करून नाकाशी धरलं.

"चाय गिरी है क्या इस पे?"

"चाय मैं टेबल पे पीता ही नहीं," बाबा म्हणाले. आवाज चढला होता. "आप मुझ पे शक कर रहे हो?"

"साहब, शक तो आप कर रहे हो."

शेवटी कटकट नको म्हणून त्यानं त्याच बनावटीचं दुसरं काढून दिलं, या वेळी बंद खोक्यातलं. बाबांनी खोका स्वतः फोडला. घरी आलो, आणि आठवड्याभरात त्यानंही आकडे खायला सुरुवात केली.

आता मला कळून चुकलं. म्हणजे तसं मला वाटलं. दोन्ही पॅडांवर मी दुपारी ते झोपले असताना भराभर आकडे दाबून बघितले होते. बटणं ठणठणीत होती. यजमानांना सांगितलं. ते म्हणाले, "डॉक्टर म्हणाले होते, बुद्धीवर परिणाम होऊ शकतो." त्यांना ते वाक्य बोलायलाच जड गेलं. "त्यांना सांगू नकोस. तू नुसतं दुरुस्त करत जा."

तेव्हापासून मी दुपारी, बाबांचा डोळा लागला की पुस्तक उघडून त्यांनी सकाळी भरलेलं तपासू लागले. गळलेले आकडे भरून ठेवायचे आणि पडदा होता तसा करायचा. संध्याकाळी बाबांचा पडताळा जुळे. ते कॉम्प्युटरकडे, मग पॅडकडे आणि मग माझ्याकडे बघत.

त्याच सुमारास जेवणात एक नवी कटकट सुरू झाली. ताटावर बसले की ते विचारत, "आज भाजी नाही केली?" भाजी समोर वाढलेली असे. मी बोट दाखवी. मग ते मान वळवून बघत आणि म्हणत, "हां, आत्ता वाढलीस होय." एक दिवस झालं, दोन दिवस झालं. मला राग येऊ लागला. मला वाटलं, पॅडचा राग माझ्यावर निघतोय. सून जेवायला नीट घालत नाही, असं हे कुणाला सांगत असतील का, अशीही शंका माझ्या मनात येऊन गेली. समोरच्या घरातल्या काकू त्यांना रोज गॅलरीतून हाक मारत. मी मुद्दाम भाजी डावानं ताटात आपटून वाढू लागले.

एका सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाबा पॅडपुढे बसले होते, पण काही भरत नव्हते.

"बस," ते म्हणाले.

मी बसले.

"काल सकाळी मी चंद्राच्या ओळीत अंशाच्या जागी मुद्दाम बारा घातले होते. पुस्तकात एकवीस आहेत. आता इथे एकवीस आहेत."

मी कप खाली ठेवला.

"पॅड आकडे खात असेल, पण आपले आपण सुधारत तर नसेल?"

"मी केलं, बाबा."

"कधीपासून?"

"बरेच दिवस."

त्यांनी मान खाली घातली. मला वाटलं ओरडतील. ते ओरडले असते तर मला चाललं असतं. पण त्यांनी हळूच विचारलं, "मी मुद्दाम घातली ती एकच चूक. बाकीच्या किती होत्या?"

मी आकडा सांगितला नाही. "होत्या," म्हटलं.

"रोज?"

"रोज."

"म्हणजे पॅड चांगलं आहे." त्यांनी डाव्या हातानं त्या पांढऱ्या पॅडवरून बोट फिरवलं. "मग मी बिघडलोय. आणि तुम्हां दोघांना ते ठाऊक होतं."

मी काहीतरी समजूत घालायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं. चहा तसाच राहिला. त्या दिवशी टकटक झाली नाही. संध्याकाळी यजमान त्यांच्याजवळ जाऊन बसले, पण बाप-लेक दोघेही दूरदर्शनवरच्या बातम्या बघत राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची तपासणी करणारा माणूस आपणच तपासाखाली होतो हे कळल्यावर कसा दिसतो, ते मी त्या दिवशी पाहिलं. मला ते बघवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते जेवायला बसले. मी गवारीची भाजी केली होती, त्यांच्या आवडीची, शेंगदाण्याचं कूट घालून. कोशिंबीर, चटणी डावीकडे, भाजी, आमटी उजवीकडे, रोजच्यासारखं ताट वाढलं. ते पोळी चटणीला लावून मुकाट्यानं खाऊ लागले. आज भाजीबद्दल विचारलंही नाही. ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. मी म्हटलं, "बाबा, भाजी का घेत नाही? इतकी मुद्दाम केली."

"वाढली नाहीस," ते म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. त्यांना न सांगता मी काय केलं होतं ते त्यांना आठवत असावं, आणि म्हणून जे मिळेल ते खायचं ठरवलं असावं, असा तो आवाज.

माझा तोल गेला. "ही काय मग?" म्हणून मी ताट दोन्ही हातांनी धरून गर्रकन फिरवलं, भाजी त्यांच्या डावीकडे येईल असं. थोडी आमटी सांडली.

बाबा भाजीकडे बघत राहिले.

"ही आत्ता आली," ते म्हणाले.

"आत्ता नाही आली. मघापासून इथेच होती."

"कुठे?"

"तुमच्या उजव्या हाताशी."

मी रागातच होते, पण त्यांचा चेहरा बघून थांबले. शाळेत एखाद्या मुलाचं उत्तर चुकलं आणि रीत मात्र बरोबर दिसली की त्यांच्या चेहऱ्यावर काय येत असेल, तसं काहीतरी. त्यांनी पोळीचा घास खाली ठेवला. "पुन्हा फिरव," म्हणाले.

मी ताट फिरवलं. भाजी उजवीकडे गेली.

"गेली," ते म्हणाले. "मान वळवली की येते. सरळ बघितलं की जाते. पुन्हा फिरव."

मी पुन्हा फिरवलं. ते सरळ समोर बघत होते. "चटणी गेली. भाजी आली." मग हात न धुताच काठी शोधू लागले. "पुस्तक आण. विकलांचा रकाना कुठल्या बाजूला असतो?"

"उजव्या," मी म्हटलं, आणि म्हणता म्हणता थबकले. गळलेला प्रत्येक आकडा उजव्या टोकाचा होता. पुस्तकातही आणि पडद्यावरही. मी इतके दिवस ते भरत होते आणि माझ्या लक्षात आलं नव्हतं, कारण मी चूक कुठे आहे ते बघत नव्हते. चूक कुणाची आहे तेवढंच बघत होते.

फ्रीगंजमधल्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच संध्याकाळी गेलो. डॉक्टर तरुण होते. समोर बसून म्हणाले, "माझ्या नाकाकडे बघा, बाबूजी, आणि बोट हलताना दिसलं की सांगा." हे हिंदीत. त्यांनी दोन्ही हात फैलावले. डावीकडचं बोट हललं की बाबा लगेच सांगत. उजवीकडचं हललं तर गप्प.

"आप हिला ही नहीं रहे हैं," बाबा म्हणाले.

"हिला रहा हूं."

"नहीं हिला रहे."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. बोट हलत होतं. मी बाबांच्या पाठीशी उभी होते.

"हलवताहेत, बाबा," मी म्हटलं.

"नक्की?"

"नक्की."

बाबांनी नजर डॉक्टरांच्या नाकावरून हलवली नाही. मग ते म्हणाले, "बरं. मग हलत असेल."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. डोळे चांगले होते. झटक्यानं मेंदूच्या ज्या भागाला धक्का बसला, त्याच भागातून उजव्या बाजूचं दिसतं. हात गेला तसा दोन्ही डोळ्यांचा उजवा अर्धा भाग गेला होता. आणि माणसाला ते कळत नाही, कारण तिथे काळोख दिसत नाही, काहीच दिसत नाही. बुद्धीचं काय, असं मी विचारायच्या आत बाबांनीच विचारलं. डॉक्टर हसले. म्हणाले, "ताट फिरवून ज्यानं हे शोधून काढलं, त्याच्या बुद्धीची काळजी मी करणार नाही."

"ताट हिनं फिरवलं," बाबा म्हणाले.

डॉक्टरांनी एक साधा उपाय सांगितला. घरी येऊन यजमानांनी लाल रंगाची एक पट्टी कापली. ती पुस्तकाच्या पानाच्या उजव्या कडेला ठेवायची. लाल दिसेपर्यंत नजर ओढत न्यायची, लाल दिसलं की ओळ संपली. तशीच एक पट्टी पडद्याच्या कडेला चिकटवली. पहिले दिवस त्यांना फार कष्ट पडले. डोकं दुखे, मान आखडे. पण आकडे गळायचे थांबत गेले. आणि तपासायचं काम आता दुपारचं चोरीचं राहिलं नाही. सकाळी अकराच्या सुमाराला मी शेजारी बसून पुस्तकातले आकडे मोठ्यानं वाचायची आणि ते पडद्यावर बघून "हां" म्हणायचे. माझं वाचताना चुकलं की त्यांना फार आनंद होई.

पंचांग वेळेत गेलं. छापखान्याचे मालक स्वतः घरी आले, चहा प्यायले आणि दिल्लीच्या गणिताबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. बाबांनी मात्र ते गेल्यावर विचारलं, "हा आज इतका गोड का बोलत होता?"

मग एक दिवस त्यांनी हट्ट धरला की टावर चौकातल्या दुकानात जायचं. कशाला, ते सांगेनात. दुकानदारानं आम्हांला जिन्याशी बघितलं आणि हातातलं काम टाकून उभा राहिला.

"अब क्या हुआ? वापस नहीं होगा, साहब. एक बार बदल दिया."

"वापस करने नहीं आया," बाबा म्हणाले. "आपका पॅड ठीक था. पहला भी. मुझे दिखता नहीं था."

दुकानदार आळीपाळीनं आम्हां दोघांकडे बघत राहिला. त्याला खात्री होती की यात काहीतरी डाव आहे. "फिर भी, चाहिए क्या आपको?" त्यानं विचारलं.

"कुछ नहीं."

"कुछ तो होगा."

बाबा हसायला लागले. मी त्यांना इतकं मोठ्यानं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं. शेवटी दुकानदाराची समजूत पटावी म्हणून आम्ही एक फ्लॉपीचं पाकीट घेतलं. त्यानं ते देताना बाबांकडे बघितलं, आणि बाबांनी ते कानाशी नेऊन हलवलं.

परत जाताना त्यांना चालत जायचं होतं. संध्याकाळची गर्दी, हातगाड्या, स्कूटरी, टावर चौकात तर पाय ठेवायला जागा नाही. मी सवयीनं त्यांच्या डावीकडून चालत होते, हात धरायला सोपं म्हणून. त्यांनी मला थांबवलं. "तू इकडे ये. उजवीकडे. तिकडून काय येतंय ते मला कळत नाही."

मी उजवीकडे गेले. त्यांचा तो हात शिथिल होता, तो मी माझ्या हातात घेतला. दोन पावलं चालल्यावर ते समोर बघतच म्हणाले, "आहेस ना?"

"आहे, बाबा."

पुढे त्यांनी आणखी काही वर्षं पंचांग केलं. नंतर छापखान्यानं तयार गणित घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी त्याचा पहिला अंक आणवून, लाल पट्टी लावून, दोन महिन्यांच्या तिथी तपासल्या. चूक सापडली नाही. त्यांना वाईट वाटलं. पण गॅसवाला, दूधवाला, बँक, सरकार आणि मी, सगळ्यांवरचा त्यांचा संशय शेवटपर्यंत टिकून होता. रस्त्यात मात्र ते माझ्यावर सोडून देत. मी म्हटलं चला, की ते निघत. न बघता.